रंगीत फ्राइड राइसचा दरवेळी गोळा होतो? आधी झाकण बघा

ठाण्याला आमच्या नौपाड्यातल्या बिल्डिंगमध्ये वर्षातून दोनदा गच्चीवर एकत्र जेवण असतं. एक एकतीस डिसेंबरला रात्री, दुसरं सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर. दोन्ही वेळा रंगीत फ्राइड राइस ठरलेला, कारण पोरं दुसरं काही खात नाहीत. आणि दोन्ही वेळा ऐन घाईत कुणीतरी दाराची बेल वाजवतं, "काकू, जरा भात बघायला येता का?" हे दुरुस्तीचं काम मी आता नऊ-दहा वर्षं करतेय. घरं वेगळी, कढया वेगळ्या, पण बिघाड तेच.

तुमच्याकडे काय बिघडलंय ते आधी ओळखा. मला हे सात प्रकार भेटले आहेत:

– भाताचा गोळा होतो, झारा फिरवला की गोळाच फिरतो.
– कढईच्या तळाशी पाणी साचतं, भाजी परतल्यासारखी न लागता उकडल्यासारखी लागते.
– सगळा भात एकजात तपकिरी दिसतो. भाजी आहे, पण रंग दिसत नाही.
– फरसबी आणि मटार शेवाळी पडतात.
– बिटाचा किंवा जांभळ्या कोबीचा रंग सगळ्या भाताला लागतो.
– शितं तुटून कण्या होतात.
– कढईत असताना भात छान मोकळा होता, पानात वाढेपर्यंत गचका झाला.

यातल्या निम्म्याहून जास्त तक्रारी एकाच गोष्टीपाशी येतात, ती म्हणजे कुठेतरी राहून गेलेलं पाणी. कधी ते तांदळात असतं, कधी भाजीत, कधी झाकणावर. म्हणून आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी तपासायच्या, मग खर्चाच्या. लोक नेमकं उलटं करतात, आधी नवी कढई घेऊन येतात.

झाकण

शेवटचं लक्षण असेल तर इथेच थांबा, पुढचं काही वाचायची गरज नाही. गरमागरम भात कॅसरोलमध्ये भरून झाकण घट्ट लावलं की वाफ वर जाऊन झाकणाला लागते, तिचं पाणी होतं आणि तेच पाणी थेंबाथेंबाने भातावर पडतं. तासाभराने उघडाल तर वरचा थर ओला आणि खालचा दबलेला. तुमचं कढईत काहीही चुकलेलं नसतं.

उपाय असा: भात कढईतून काढल्यावर दोन-तीन मिनिटं परातीत पसरू द्या, मोठी वाफ निघून जाऊ दे. मग कॅसरोलमध्ये दाबून न भरता सैल भरा आणि झाकणाखाली एक कोरडा पंचा घडी करून घाला. वाफेचं पाणी पंचा पितो. गच्चीवर वाढणार असाल तर सगळा भात एकदम वर नेऊ नका. निम्मा वाढा, निम्मा खालीच राहू दे आणि पंगत बसल्यावर परता.

सोया सॉसची बाटली

तपकिरी भाताचं कारण दहापैकी नऊ वेळा हीच बाटली. आपल्याकडे किराणा दुकानात सहज मिळतो तो बहुतेक गडद सोया सॉस असतो. त्याचं मुख्य कामच रंग देणं. गाडीवरच्या चायनीजची सवय असल्याने आपला हात तिथे सैल सुटतो. पण तुम्हाला रंगीत भात हवा असेल तर हे जमणार नाही. पाव किलो तांदळाच्या भाताला चहाचे दोन चमचे, त्याहून जास्त नाही. तेही भातावर ओतायचे नाहीत, कढईच्या तापलेल्या कडेवरून सोडायचे. कडेला लागताच सॉसमधलं पाणी चर्रकन उडतं, वास खमंग होतो आणि शितावर डाग पडत नाहीत. खारटपणा मिठाने आणा आणि तिखटपणासाठी पांढऱ्या मिरीची पूड वापरा, म्हणजे काळे ठिपकेही दिसत नाहीत. मी स्वतः सव्वीस जानेवारीच्या भातात सोया सॉस घालतच नाही. कुणी विचारलं तर घातलाय म्हणून सांगते, आजवर कुणाला कळलेलं नाही.

व्हिनेगरचंही असंच. ते शेवटी, गॅस बंद करताना घाला. हिरव्या भाजीतल्या हरितद्रव्याला आंबट आणि लांबलेली आच ही दोन्ही सोसत नाहीत, त्यांनी त्याचा शेवाळी रंग होतो. फरसबी मेलेली दिसत असेल तर व्हिनेगर कधी पडलं ते आठवा.

एका वेळी किती?

"अहो काकू, दहा माणसांचा भात एकदम नको का परतायला?" नको. आपल्या घरच्या शेगडीत तेवढा जीव नसतो. गाडीवाल्याची भट्टी वेगळी असते, तिचा बर्नर वेगळा, सिलिंडर एकोणीस किलोचा व्यावसायिक, आणि ती धडधडणारी ज्योत कढईच्या अंगावर चढते. आपण घरी कढई गच्च भरली की ती गार पडते. मग भाजीतून सुटलेलं पाणी उडून न जाता तिथेच साचतं आणि भात त्यात शिजत राहतो. तळाशी पाणी दिसतं ते यामुळे.

एका घाण्याला दोन माणसांचा भात घ्यायचा. कढई धुरावायला लागली की तेल, मग लसूण, भाजी, भात, चार-पाच मिनिटांत खाली. पुढच्या घाण्याआधी कढई पुन्हा तापू द्या. दहा माणसांना पाच घाणे लागतील, म्हणजे अर्धा तास. आधीच्या पद्धतीत चिकट भात सोडवत तुम्ही तेवढाच वेळ घालवत होतात.

झाऱ्याने दाबून ढवळू नका. खालून उचला आणि वर टाका. शितं तुटत असतील तर आधी हात बघा, मग तांदूळ.

भाजीचं पाणी, भाजीचा रंग

जांभळी नाक्याच्या बाजारात डिसेंबर-जानेवारीत या भाताचं सगळं सामान मिळतं: लाल गाजरं, शेंगेतला मटार, पातीचा कांदा, फरसबी, आणि हल्ली लाल-पिवळ्या ढोबळ्या मिरच्या आणि जांभळा कोबीही. पिशवी भरून आणतो, घरी नळाखाली धुतो, चिरतो आणि ओलीच कढईत टाकतो. चूक इथे होते. धुतलेली भाजी आधी पंच्यावर पसरून कोरडी करा आणि मगच चिरा. फ्रोझन मटार असेल तर तो पूर्ण सुटू द्या, चाळणीत निथळू द्या आणि टिपून घ्या. बर्फासकट टाकलेला मूठभर मटार सगळी कढई थंड करतो.

मीठही आधी नको. मिठाने कोबी आणि मिरची पाणी सोडतात. भात शिजवताना आधणात मीठ असतंच, उरलेलं अगदी शेवटी.

आता रंग. भाज्यांच्या रंगांचे स्वभाव सारखे नसतात आणि ते माहीत नसले की घोळ होतो. गाजर, मका, लाल-पिवळी मिरची हे भरवशाचे. त्यांचा रंग पाण्यात सुटत नाही, कढईत त्यांना बिनधास्त टाका. बीट आणि जांभळा कोबी यांचे रंग पाण्यात विरघळतात. ओला भात आणि बीट एकत्र आले की पाच मिनिटांत सगळं गुलाबी. बीट हवंच असेल तर त्याचे बारीक तुकडे वेगळ्या तव्यावर थोड्या तेलात परतून ठेवा आणि वाढताना वरून पेरा. जांभळा कोबी तर मी परततच नाही. अगदी बारीक चिरून कच्चाच वरून घालते.

तळमजल्यावरच्या वहिनींनी एकदा फरसबी हिरवीगार राहावी म्हणून उकळत्या पाण्यात चिमूटभर सोडा टाकला. फरसबी खरंच हिरवी राहिली. मग त्याच पाण्यात त्यांनी जांभळा कोबी बुडवला आणि कोबी निळा झाला, शाईसारखा. आंबट लागलं की जांभळ्या कोबीचा रंग गुलाबी होतो, सोडा लागला की निळा-हिरवा. हळदीचं तर आपल्याला माहीतच आहे, सोड्याने ती लाल होते. वहिनींनी हळद घातलेला पनीरही त्यात सोडला होता. तो भात पोरांनी फार आवडीने खाल्ला, पण तो विषय वेगळा. सोडा नको, एवढंच. शिवाय सोड्याने फरसबी गिळगिळीत होते. त्यापेक्षा खळखळत्या खारट पाण्यात, झाकण न ठेवता, दीड-दोन मिनिटं. लगेच बर्फाच्या पाण्यात. मग निथळून, टिपून कोरडी.

पिवळ्या रंगासाठी अंडं चालत असेल तर त्याची पातळ पोळी वेगळी करून पट्ट्या कापा. भातातच अंडं फोडलं की प्रत्येक शिताला पिवळट लेप बसतो आणि बाकीचे रंग मळके दिसतात.

भात

इथपर्यंत सगळं ठीक असेल आणि तरी गोळा होत असेल, तर बिघाड भातात आहे. इथे मी सर्वात जास्त वेळ घालवते, तुम्हीही घालवा.

पहिला प्रश्न मी एकच विचारते, भात कुकरला लावला होता का? उत्तर बहुतेक वेळा हो असतं. कुकरमध्ये मोजून घातलेलं सगळं पाणी भातच पितो, तांदळाचं पीठूळ पाणी बाहेर जायला वाटच नसते. वरणभाताला तो मऊपणा छान, परतायला नाही. हा भात वेळूनच करायला हवा, म्हणजे भरपूर पाण्यात शिजवून जास्तीचं पाणी काढून टाकायचं, आपल्या आज्या करायच्या तसं.

तांदूळ तीन-चार पाण्यांनी धुवा, पाणी जवळजवळ निवळ दिसेपर्यंत. अर्धा तास भिजवा, जास्त नको, फार भिजलेला लांब दाणा तुटतो. मोठ्या पातेल्यात तांदळाच्या सहापट तरी पाण्याचं आधण ठेवा, त्यात मीठ आणि चमचाभर तेल. खळखळ उकळी फुटली की तांदूळ वैरा. सहाव्या मिनिटापासून एकेक शीत काढून दोन बोटांत दाबून बघा. पूर्ण चेपलं तर उशीर झाला. मधे कणी लागली तर अजून एक मिनिट. शीत दबून दोन तुकडे झाले आणि मधे जरासा तगडेपणा जाणवला की लगेच चाळणीत ओता. वरून गार पाणी मारू नका. बरेच जण मारतात. गरम भाताच्या अंगच्या उष्णतेनेच वरचं पाणी उडतं, तीच उष्णता तुम्ही धुऊन टाकता आणि वर पाणी ठेवता.

निथळलेला भात परातीत पातळ पसरा आणि पंख्याखाली ठेवा, पंधरा-वीस मिनिटं. मग न झाकता फ्रिजमध्ये, निदान दोन तास, रात्रभर असेल तर उत्तम. शिजलेल्या भातातला स्टार्च गार होताना पुन्हा घट्ट होतो आणि शीत कडक बनतं, म्हणून शिळ्या भाताची फोडणी इतकी मोकळी होते. हेच आपल्याला मुद्दाम करायचंय.

इथे एकतीस डिसेंबरचा खास बिघाड: फ्रिज कोल्ड्रिंकच्या बाटल्यांनी भरलेला असतो. भात खोल डब्यात भरून कुठेतरी कोपऱ्यात कोंबतात. सकाळी बघावं तर मधला भात अजून कोमट आणि ओला. खोल डबा नको, दोन ताटं घ्या आणि भाताचा थर दोन बोटांपेक्षा जाड ठेवू नका. बाटल्या बादलीत बर्फ घालून बाहेर राहू शकतात, भात राहू शकत नाही.

हे मी दर वर्षी ओरडून सांगते. रात्री शिजवलेला भात ओट्यावर उघडा ठेवून सकाळी परतायचा नाही. कच्च्या तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवल्यानेही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात. त्यातल्या उलट्या करवणाऱ्या विषाला परतल्याने काही होत नाही, कढई कितीही तापवा. ठाण्यात जानेवारीची रात्र आपल्याला थंड वाटते, जिवाणूंना नाही. शिजल्यापासून फार तर दोन तासांत भात फ्रिजमध्ये गेला पाहिजे. बाहेर राहिलेला भात वास बरा येतोय म्हणून वापरू नका, टाकून द्या. खाल्ल्यावर कुणाला सारख्या उलट्या-जुलाब झाले, पाणीही पोटात ठरेना, किंवा लहान मूल मलूल पडलं, तर घरगुती उपाय करत बसू नका, डॉक्टरांकडे न्या.

आणि पाहुणे दारात असताना भात मऊ झालाच असेल तर? परातीत पसरा, पंखा लावा, मग ताट अर्धा तास फ्रीझरमध्ये. जरासा मऊ असेल तर यातून सुधारतो. पूर्ण गिचका झाला असेल तर सुधारत नाही, उगाच तेल ओतू नका. माझ्या पहिल्या वर्षी पंचवीस जणांचा आंबेमोहोर मी कुकरला लावला होता. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मसालेभात म्हणून वाढ, वर खोबरं-कोथिंबीर घाल." वाढला. संपला.

तांदूळ

इथून पुढे पैसे लागतात. आंबेमोहोर आणि इंद्रायणी हे चिकटच तांदूळ, वासाला सुंदर, पण या कामाचे नाहीत. त्यांच्यात अमायलोज नावाचा स्टार्च कमी असतो आणि तोच दाणे सुटे ठेवतो. बासमती किंवा दुसरा लांब दाण्याचा तांदूळ घ्या. दुकानात "जुना आहे ना?" हे विचारायला लाजू नका. निदान वर्षभर मुरलेला दाणा कोरडा असतो, पाणी पिऊन फुलतो पण चिकटत नाही. नवा तांदूळ गचकतो.

रोजचा वाडा कोलम घरात आहे आणि दुसरा आणायचा नाही? चालेल. बारीक दाण्याचा, पण वेळून नीट गार केला की बऱ्यापैकी मोकळा होतो. (वाडा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत. कोलमला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पोत्यावर नाव आहे म्हणून आतला तांदूळ वाड्याचाच असतो असं मात्र नाही.)

कढई

नॉनस्टिकमध्ये हा भात करू नका. तिला मोठी आच चालत नाही, रिकामी तापवली तर वरचा थर खराब होऊन धूर सोडतो. लोखंडी कढई घ्या, पसरट आणि पातळ बुडाची. चिकटत असेल तर घासून, तापवून, तेलाचं बोट फिरवून पुन्हा तापवा, असं तीन-चार वेळा. ती काळी झाली की चिकटायची थांबते. जुन्या बाजारात मिळालेली माझी कढई आता कोळशासारखी काळी आहे आणि मी तिला साबण लावू देत नाही, यावरून घरात भांडण झालेलं आहे.

ज्योत, आणि हात कुठे थांबवायचा

सगळं करूनही कढई तापतच नसेल तर ज्योत बघा. ती निळी आणि ताठ हवी. पिवळी, लवलवणारी असेल आणि भांड्यांची बुडं काळी होत असतील तर गॅस नीट जळत नाहीये. अशा ज्योतीत कढई तापत नाही आणि बंद स्वयंपाकघरात कार्बन मोनॉक्साइडही साचू शकतो, म्हणजे हा प्रश्न फक्त भाताचा नाही. शेगडी पूर्ण गार झाल्यावर बर्नरचं वरचं झाकण उचला, गरम साबणाच्या पाण्यात घासा, भोकं दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ करा, पूर्ण वाळवा आणि बसवा. तुमचं काम इथे संपलं.

खालच्या जेटमध्ये, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकात, सुई किंवा टाचणी घालू नका. भोक जराही मोठं झालं तर गॅस जास्त येतो. तसंच सिलिंडरची शेगडी पाइपगॅसवर लावली असेल आणि ज्योत मरगळलेली असेल तर जेट बदलावे लागतात, कारण दोन्ही गॅसचा दाब आणि जेटचं माप वेगळं असतं. ते काम गॅस कंपनीच्या माणसाचंच. गॅसचा वास आला तर वाल्व बंद, खिडक्या उघड्या, दिव्याच्या बटणाला हात नको, बाहेर जाऊन मगच फोन. सिलिंडर असेल तर १९०६, पाइपगॅस असेल तर बिलावरचा आपत्कालीन नंबर.

चाळीस माणसांच्या वर हिशोब गेला तरी आचाऱ्यालाच बोलवा. घरच्या शेगडीवर वीस घाणे काढताना पहिला भात गार होतो आणि शेवटच्याला हात उरत नाहीत. गच्चीवर व्यावसायिक सिलिंडर आणि भट्टी स्वतः आणून लावायचं धाडस तर अजिबात करू नका.

दोन वर्षांपूर्वी माझ्याच डाव्या बर्नरची ज्योत अर्धी झाली. ब्रश मारून झाला, साबण झाला, काही फरक नाही. शेवटी मेकॅनिक आला. त्याने बर्नर उलटा करून ओट्यावर आपटला. आतून मोहरीचे सात-आठ दाणे आणि एक वाळकं कढीपत्त्याचं पान बाहेर पडलं.